मशीन चालू हाय तवर

न्हाई, न्हाई, खाली न्हाई जायचं, मॅडम — इथंच टेका, या बाजंवर, हां — पिशवी ठिवा भिताडाला लावून. तानुबाई खालीच हाय, तळघरात, कुठं गेली न्हाई. ऐका की — खडखडखड, खडखडखड — ती तिची मशीन. वाकळीची ठिगळं जोडायलीय. हातातलं झालं की यील वर, तिला पायऱ्या चढायला जरा येळ लागतो म्हून गिऱ्हाईक मी इथंच अडकवून ठिवतो. पाणी घ्या, माठातलं हाय. घ्या की, वास कामून घ्यायलाव — आँ? कुणी सांगितलं? आबासाहेबानं? फाट्यावरच्या हाटेलात? तरीच ग्लास उन्हाकडं धरून बघायलाव. काय म्हणला असंल त्यो — बायकोकडं वाकळ शिवायला टाका, पर नवऱ्याशी बोलू नका, अन चपला हातात घेऊन बसा, न्हाईतर अनवाणी जिंतूरला जाल. असंच म्हणला नव्हं? खोटं न्हाई त्याचं. दोन डाव गेलाय त्यो अनवाणी.

मी महारुद्र. आईनं देवाचं नाव ठिवलं, गावानं त्यातली निस्ती शेपटी ठिवली. साळा चवथीत सुटली. तुमी साळेवरच्या बाई, तुमच्या हातात मी घावलो असतो तर एक तर मी शिकलो असतो न्हाईतर तुमी नोकरी सोडली असती. बोरीत असं घर न्हाई ज्याला मी फसवलं न्हाई. पलीकडं सटवाजी ऱ्हातो — त्याला मी सांगितलं, नवा हुकूम आलाय, म्हशीचे फोटू लागतेत, एक समोरून, एक बाजूनं, दोन्ही कान दिसले पायजेत. गड्यानं म्हैस धुतली, शिंगाला तेल लावलं अन पायी घेऊन गेला की जिंतूरला. फोटूवाल्यानं काढलाबी बरं का. आजबी भिताडाला हाय, त्याच्या बापाच्या फोटूशेजारी. म्हैस जास्त चांगली आलीय. अन तानुबाईला तर मी लग्नातच फसवलं. अंतरपाटाआड माझ्या जागी मपल्या दोस्ताला, बन्सीधराला हुबा केला, मपल्या मुंडावळ्या त्याच्या कपाळाला. तिनं लाजून वर बघितलंच न्हाई, हार घेऊन हात उचलला, तवा मी मधी घुसलो — माझ्या सासऱ्यानं मांडवातच पायताण काढलं व्हतं. तवापसून ती आधी माझं तोंड बघती अन मग काय ते करती. दचकली की तिचा पदर खाली यायचा अन तोंडातून निस्तं 'आगं बया' — तेवढ्यासाठी, मॅडम, दाराआड तासन् तास हुबा ऱ्हायलोय मी —

खडखडखड. हां. चालू हाय.

न्हाई, काई न्हाई, उगंच ऐकत व्हतो. तळघर बघायचंय तुमाला? बघितल्यावाणी सांगतो की, बसा. इथली जमीन काळी. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात एवढाल्या भेगा पडतेत. घराला पाया घ्यायचा तर मुरूम लागंपस्तोर खाली जावं लागतं, न्हाईतर दोन सालात भित्ती दोन गावाला तोंड करतेत. आमच्या परमेश्वरानं — ल्योक, परभणीला हापिसात हाय — घर बांधाया काढलं तवा मुरूमच लागंना. खंदायलेत, खंदायलेत. मी वरून म्हणलं, आता शेषनाग लागंल, त्याला च्या इचारा. मग मिस्त्री म्हणला, एवढा खड्डा भरण्यापरीस वरून सिल्याब टाका, खाली खोली आयती व्हती. झालं तळघर. एक साल सोयाबीन ठिवलं तर त्याला ओल लागून मिशा फुटल्या. मग पडूनच व्हतं, पाली अन विंचवाला आंदण दिल्यावाणी.

ह्या उन्हाळ्यात तानुबाई म्हणली, मशीन खाली न्या. वर पत्रं हायेत, दुपारी तव्याबिगर भाकर भाजंल. अन खाली कसं, गाभाऱ्यावाणी गार. परमेश्वर म्हणला, अजिबात न्हाई. राजेश्री, सूनबाई, ती म्हणली आईला पायऱ्या नकोत. अन मी म्हणलं, न्यायची. बिलकुल न्यायची. सटवाजीला बोलावलं, मशीनला कासरा बांधला, अन खाली सोडली हळूहळू. सटवाजी दर पायरीवर इचारायचा, महारुद्रा, ही गंमत तर न्हाई नव्हं? मग चुना मारला दोन हात. ओल यायली म्हून शेततळ्याचा उरलेला काळा प्लास्टिकचा कागद भिताडाला ठोकला. रिळं अडकवायला बाभळीच्या खुट्या. खताच्या गोण्या धुऊन त्याच्यात रंगावारी कापडं भरली, लाल एकीकडं, हिरवी एकीकडं, नऊवारीचे काठ येगळे. वाकळ पसरायला बाजंचे पाय करवतीनं कापून ती बुटकी केली — ती म्हणली, एका जागी बसून हात पुरला पायजे. मशीनवर दिवा, पायाखाली पोतं. पायऱ्याला रानातल्या तुषार सिंचनाचे जुने पाईप कठडा म्हून बसवले, दोन्ही अंगानं — ती म्हणली एक पुरंल, मी म्हणलं दोन. डाव्या हातात जोर कमी हाय जरा तिच्या. जरासाच. वात हाय. त्यो काय इषय न्हाई. पायऱ्यावर पोत्याचं कापड ठोकलं, सरकू न्हाई म्हून. अन दाराची आतली कडी तेवढी काढून टाकली. तिला सांगितलं, उंदरानं पळवली. लोखंडी कडी, मॅडम. ती म्हणली, असंल, तुमच्या घरचे उंदीर तुमच्यासारखेच असणार.

कामून काढली? काढली आपली. आतून लावून घेतली अन मग — अन मग उघडायला कुणी — दार सुजतं हो पावसात. काळी जमीन सांगितली की तुमाला. च्या ठिवू का? न्हाई? बरं. मशीनच्या पायट्याला घुंगरूबी बांधलं व्हतं मी, बैलाचं, पोळ्याचं. म्हणलं शिवताना छुमछुम वाजंल. वर पार देवघरापस्तोर ऐकू यायचं, लय झ्याक. दुसऱ्या दिशी जेवाया बसलो तर भाकरीवर काय — त्येच घुंगरू. कात्रीनं कापून ताटात वाढलं. म्हणली, खावा आता, पोट वाजंल. चाळीस माणसात कुणाला सुचायचं न्हाई असं सुचतंय तिला, पर करती कवातरीच. मी तर म्हणतो, तिनं जर मनावर घेतलं असतं ना, तर मला ह्या गावात —

थांबा.

थांबली.

न्हाई, थांबत असती मधी मधी. दोरा तुटला असंल. दोरा तुटला की थुंकी लावून ववायचा, तिला आता दिसतं कमी, दोन-चार डाव हुकतं. मग लागती पुन्हा. ऐका हां, आता लागंल.

बॉबीन संपली असंल. पर बॉबीन भरायली तर सर्रर असा येगळा आवाज येतो. त्यो न्हाई. लाईट गेली? पंखा तर फिरायलाय वर. अन मशीन पायाची हाय, तिला लाईट काय करायचीय. तांब्या हाय तिच्याजवळ, पाणी प्यायली असंल. पाणी प्यायला येवढा येळ — माणूस दमानं पितं की. हातशिलाई? हातशिलाई ती सांजच्याला इथं वर बसून करती, ह्याच बाजंवर. खाली निस्ती मशीन. ठिगळ उलटं लागलं असंल, मग उसवायचं. उसवायला आवाज न्हाई. बराबर. उसवायलीय.

बघू बरं तुमच्या साड्या. हां, इरकल हाय की. मऊ झालीय, ह्याची वाकळ बेस व्हती. आईच्या व्हय? आई — अरारा. कवा? ह्या संक्रांतीला? मग तर ताजंच हाय तुमचं. काय झालं व्हतं? काईच न्हाई? काईच न्हाई म्हणजे कसं, ताप, खोकला — निस्त्या बसल्या व्हत्या? बसल्या बसल्या? अन तुमी कुठं व्हतात? शेजारच्या खोलीत. पेपर तपासत. आवाज न्हाई आला काई? — एखादं भांडं, एखादी हाक — न्हाई. मग कळलं कसं तुमाला? च्या घेऊन गेलाव तवा. म्हणजे येवढा येळ तुमी इकडं अन त्या तिकडं, अन तुमाला वाटत व्हतं की सगळं — मधी भिताड येकच व्हती ना? येकच.

माफ करा, मॅडम. मी काई बी इचारायलो. डोळे पुसा, ही दस्ती घ्या — सोच्छ हाय. त्यात मिरची न्हाई.

अजून लागली न्हाई.

हाक मारा म्हणताव? हाक न्हाई मारायची. मारली असती की, माझा आवाज पार फाट्यावर जातो. पर दचकवायचं न्हाई तिला. सांगितलंय. कुणी काय, डॉक्टरानं. परभणीच्या. मागल्या दिवाळीला तिला तिथंच नेलं व्हतं, परात घेऊन चुलीपसून उठली अन परात सुटली हातातून, तोंड एका अंगाला — वात म्हणलो ना तुमाला मघाशी. वात न्हाई त्यो. तिला आमी वात म्हणून सांगितलंय. डॉक्टरानं परमेश्वराला अन मला भाईर घेतलं, म्हणला, ह्या डाव निभावलं, दुसरा झटका कवाबी येऊ शकतो, गोळ्या चुकवू नका, येकटं ठिवू नका, अन आजोबा, त्यांना दचकवू नका. परमेश्वरानं माझ्याकडं बघितलं. निस्तं बघितलं, मॅडम. जन्मभर ज्यानं दुसरं कायबी केलं न्हाई, त्याला सांगायलेत दचकवू नका म्हून. गावात कुणालाबी इचारा, दिवाळीपसून मी तिच्या मागं हुबासुद्धा ऱ्हात न्हाई. घरात येताना आधी खोकरतो, मग पायताण वाजवतो, मग शिरतो. ती म्हणती, म्हातारपणी खोकला लागला तुमाला.

अन मग तिला खाली कामून जाऊ दिलं? तुमीबी परमेश्वरासारखंच बोलाया लागलाव. दवाखान्यातून आल्यावर ती त्या कोपऱ्यात बसायची, भिताडाला टेकून, हात मांडीवर. सुई नको, भाकर नको. मी माकडउड्या मारल्या, राजेश्रीचं लुगडं नेसून आलो, तरी बघायची न्हाई. अन मग एक दिशी म्हणली, खाली गार असंल, मशीन न्या. मॅडम, मी त्यो खड्डा दातानं खंदला असता. परमेश्वरानं फोनवर सांगितलं, बाबा, तिथं तिला काई झालं तर ते तुमच्या डोक्यावर. असू द्या म्हणलं, माझ्या डोक्यावर असू द्या. म्हणायला काय जातंय. वर बसून ऐकायला लागतं तवा कळतं. मशीन चालू हाय तवर मी माणूस असतो, थांबली की —

बघा ना, किती येळ झाला.

जातो की. मीच गेलो असतो, पाय मोडले न्हाईत माझे. सकाळपसून गेलोच की. एकदा गेलो, म्हणलं सरपंच आलाय वाकळ बघायला. एकदा म्हणलं, तुझ्या माहेरावरून सांगावा हाय. एकदा म्हणलं, सटवाजीची म्हैस पुन्हा फोटूला चाललीय. निस्तं तोंड बघावं म्हून. सरळ हाय का बघावं, बोलताना जीभ अडकती का ऐकावं, अन यावं वर. तिला काय ठावं. तिला वाटतं, ह्या माणसाला ह्या वयातबी दुसरा उद्योग न्हाई. अन मघाशी, तुमी यायच्या जराच आधी, म्हणली — रागानं म्हणली असती तर बरं झालं असतं, हळू म्हणली — आवो, सगळं आयुष्य तुमाला हसवण्यात गेलं माझं, मला येकटीला एक जागा गावलीय, तिथंबी येऊन खेळायलाव. आता पुन्हा एक डाव खाली आलाव तर पिशवी भरून कावेरीकडं चुडाव्याला जाईन, अन परत यायची न्हाई. कावेरी आमची लेक. अन तानुबाई बोललेलं करती. हाक मारावी तर दचकंल, खाली जावं तर जाईल, अन इथं बसावं तर — तुमी बसल्या व्हतात तशा भिताडीच्या ह्या अंगाला —

मॅडम, तुमी जाता का?

तुमचं नवं तोंड हाय, गिऱ्हाईक हाव, तुमच्यावर रागवायची न्हाई. साड्या घेऊन जावा हातात. चपला काढा. कठडा धरा, डावीकडचा, त्यो घट्ट हाय. मधल्या पायरीवर एकदा खोकरा, मोठ्यानं न्हाई, कसं, घसा साफ केल्यावाणी. मग जरा बांगड्या वाजवा. बाई मानसाच्या बांगडीला ती दचकायची न्हाई. अन म्हणा, मावशी, मी वाकळ शिवायला आलेय. बस. मी इथं वर, दारातच हुबा हाय. जावा. हळू जावा. न्हाई, जरा लवकर जावा.

खोकरा. हां.

लागलाव का खाली? दिवा चालू हाय नव्हं? दिसली का? कुठं — मशीनवर? मशीनवर कशी, बसलीय का — डोकं? डोकं मशीनवर टेकलंय? तोंड कुण्या अंगाला हाय, मॅडम, तोंड बघा, ओठ सरळ हायेत का — दिसंना? केस बाजूला करा. न्हाई, हात लावू नका, दचकंल. लावा. लावा हात, खांद्याला, हळूच, उजव्या — हाय का गरम? पाठ हलायलीय का तिची, वर-खाली? मॅडम. बोला काई तरी. तुमी मागच्यावाणी च्या घेऊन हुब्या ऱ्हाऊ नका, बोला. मी यायलो. जाऊ द्या तिला चुडाव्याला, मी यायलो खाली —

काय?

झोप?

झोप लागली व्हती म्हणताव. उठली का? उठून काय म्हणली? 'कोण गं बाई तू'? येवढं सगळं म्हणली? नीट? जीभ न्हाई अडकली? डावा हात उचलायलीय? पदर घेतला. कुण्या हातानं? बरं. बरं. लय बरं.

— व्हय गं, तानुबाई, मीच. मीच धाडलं त्यानला. कामून म्हणजे काय, गंमत. म्हणलं, तळघरात मांजरीनं पिल्लं घातलीत, जावा, बघून या. मास्तरीणबाई फसल्या की. व्हय. न्हाई, न्हाई सुधारणार. सरणावर जाईपस्तोर न्हाई. भर म्हणतो ना. भर पिशवी, मी काय धरून ठिवलंय तुला? सांजच्या गाडीनं जा, परभणीपस्तोर मी यष्टीत बसवून देतो —

या, मॅडम, वर या. हळू बोला. ती आता वर येऊन पिशवीच भरणार हाय, ऐकलाव ना तुमी? तिला काई सांगू नका. असं कामून बघायलाव माझ्याकडं? खरं सांगितलं तर ती पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसंल भिताडाला टेकून, आता येईल मग येईल म्हून वाट बघत. त्याच्यापरीस रागात गेलेली बरी. रागात ती नीट चालती. कावेरीच्या घराला पायऱ्या न्हाईत, मशीनबी हाय तिच्याकडं, अन जावई गडी नेक हाय. कावेरीला मी सांगतो फोन करून, कान तेवढा देत जा म्हून. करमंल मला, करमायला काय झालं, गाव पडलंय येवढं. साड्या तिथंच ठिवा, तुमची वाकळ व्हईल. बोरीत झाली न्हाई तर चुडाव्यात व्हईल. तिनं हातात घेतलेलं अर्धं टाकत न्हाई.

कठड्याचा पाईप वाजायलाय. चढायलीय ती.

आता तुमी निघा, मॅडम. मला हसायचंय, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं, न्हाईतर तिला पटायचं न्हाई गंमत व्हती म्हून. तुमच्यासमोर न्हाई जमायचं मला. निघा. फाटक वढून घ्या. जावा की.